पाण्याकाठची सहल : महाड-पोलादपूर परिसर आणि मराठी प्रवासवर्णनातील स्थळदृष्टी

प्रस्तावना

मराठी प्रवासवर्णनाचा उगम सहलीत नाही. रायगड जिल्ह्यातील वरसईचे विष्णुभट गोडसे १८५७ मध्ये घराबाहेर पडले ते मथुरेच्या यज्ञात दक्षिणा मिळेल या आशेने. वाटेत त्यांना बंडाने गाठले आणि त्यातून पुढे 'माझा प्रवास' हा ग्रंथ लिहिला गेला. तो १९०७ मध्ये प्रसिद्ध झाला. अनंत काणेकरांचे 'धुक्यातून लाल ताऱ्याकडे' (१९४०), गंगाधर गाडगीळांचे 'साता समुद्रापलीकडे' (१९५९) आणि पु. ल. देशपांडे यांचे 'अपूर्वाई' (१९६०) या ग्रंथांनी या प्रकाराला आधुनिक रूप दिले. या लेखकांच्या काळी परदेशगमन ही आयुष्यातील मोठी घटना होती. आज परिस्थिती बदलली आहे. आठ-दहा दिवसांची परदेशवारी आणि दोन दिवसांची जवळची सहल या दोन्ही गोष्टी मध्यमवर्गीय कुटुंबाच्या वार्षिक वेळापत्रकाचा भाग झाल्या आहेत. दिवाळी अंक, वृत्तपत्रांच्या रविवार पुरवण्या आणि महाविद्यालयांची वार्षिक नियतकालिके यांतून अशा अल्पमुदतीच्या सहलींवरील लेखन विपुल प्रमाणात प्रसिद्ध होते.

या लेखनाकडे समीक्षेने फारसे गांभीर्याने पाहिलेले नाही. ते हलकेफुलके आहे, निरुपद्रवी आहे, असे समजून ते सोडून दिले जाते. वास्तविक एखादा प्रदेश वाचकाच्या मनात कोणत्या रूपाने स्थिर होतो, हे अनेकदा अशाच लेखनातून ठरत असते. प्रस्तुत लेखात रायगड जिल्ह्याच्या अंतर्भागातील महाड व पोलादपूर हे दोन तालुके समोर ठेवून या लेखनाच्या स्थळदृष्टीची चिकित्सा केली आहे. त्यासाठी 'पाणी' हा एकच निकष मुख्यत्वे वापरला आहे. स्थळाचे वर्णन करणारा लेखक पाण्याकडे कसा पाहतो, यावरून तो त्या स्थळी कोणत्या अधिकाराने उभा आहे हे उघड होते, असे प्रस्तुत लेखाचे प्रतिपादन आहे.

१. सहलीचा साचा : ग्रीक बेटाचे उदाहरण

अल्पमुदतीच्या सहलीवरील लेखनाचा साचा समजून घेण्यास एजियन समुद्रातील सँटोरिनी ऊर्फ थिरा या ग्रीक बेटाचे उदाहरण सोयीचे आहे. बोट कड्याखाली येते, प्रवासी वर चढतो, शुभ्र घरे व निळे घुमट दिसतात, इया या गावातून सूर्यास्त पाहिला जातो आणि दुसऱ्या वा तिसऱ्या दिवशी बेटाचा निरोप घेतला जातो. आगमन, आश्चर्य, सूर्यास्त, हुरहूर असा हा चार पायऱ्यांचा क्रम जगातील बहुतेक भाषांतील सहललेखांत आढळतो आणि मराठीही त्याला अपवाद नाही. मीना प्रभु यांनी ग्रीसवर 'ग्रीकांजली' हा स्वतंत्र ग्रंथ लिहिला आहे. परंतु त्यांच्यासारखी दीर्घ भटकंती व तिच्यामागील तयारी हा या क्षेत्रातील नियम नसून अपवाद आहे.

या साच्यातून काय निसटते? ज्या कड्यावरून सूर्यास्त पाहायचा, तो कडा म्हणजे एका प्रचंड ज्वालामुखीच्या खचलेल्या मुखाची कड आहे. ख्रिस्तपूर्व दुसऱ्या सहस्रकात झालेल्या त्या उद्रेकाच्या राखेखाली गाडले गेलेले अक्रोटिरी हे नगर स्पिरिदोन मारिनातोस यांनी १९६७ पासून उत्खननाने उजेडात आणले. कड्याच्या मऊ ज्वालामुखीय थरात कोरलेली जी घरे आज महागड्या निवासांत रूपांतरित झाली आहेत, त्यांत पूर्वी खलाशी व गरीब लोक राहत. जहाजांच्या कप्तानांचे वाडे वरच्या अंगाला होते. १९५६ च्या भूकंपात बेटावरील अनेक घरे पडली व कित्येक कुटुंबे बेट सोडून गेली. बेटावर नदी नाही. पूर्वी प्रत्येक घराखालच्या टाक्यात पावसाचे पाणी साठवीत. आता मुख्य भिस्त समुद्राचे पाणी गोडे करण्याच्या यंत्रणेवर आहे. चहूकडे पाणी दिसणाऱ्या या बेटावर प्यायचे पाणी येते कोठून, हा प्रश्न सूर्यास्ताच्या वर्णनात उपस्थित होत नाही. पाणी तेथे केवळ देखावा असते.

हे उदाहरण घेण्याचे कारण असे की सँटोरिनीबाबत जे निसटते तेच, अधिक तीव्र रूपाने, महाड-पोलादपूरबाबतही निसटते. मात्र येथे निसटणाऱ्या गोष्टी मराठी वाचकाच्या स्वतःच्या इतिहासातील आहेत.

२. दोन दिवसांचा कार्यक्रम

महाड-पोलादपूर परिसराची प्रचलित सहल साधारणपणे ठरलेली आहे. पहिल्या दिवशी पाचाड, तेथून पायऱ्यांनी किंवा रोपवेने रायगड. गडावर राजसभा, गंगासागर तलाव, बाजारपेठ, जगदीश्वराचे मंदिर, छत्रपती शिवाजी महाराजांची समाधी, टकमक टोक आणि हिरकणी बुरूज. रात्री महाडला मुक्काम. दुसऱ्या दिवशी समर्थ रामदासांच्या ग्रंथलेखनाशी परंपरेने जोडलेली शिवथरघळ, किंवा पोलादपूरवरून आंबेनळी घाटाने महाबळेश्वर. वेळ उरला तर महाडलगतची गांधारपाले येथील बौद्ध लेणी. वेळ उरला तर चवदार तळे.

'वेळ उरला तर' या तीन शब्दांत या सहलीची मूल्यव्यवस्था सामावलेली आहे. रायगड हे शिखर, बाकी सारे वाटेवरचे. १९८१ मध्ये कुलाबा जिल्ह्याचे नाव बदलून रायगड झाले, तेव्हापासून तर संपूर्ण जिल्हाच या एका गडाच्या नावाने ओळखला जातो. जुलै २०२५ मध्ये मराठा लष्करी स्थापत्याच्या बारा किल्ल्यांना युनेस्कोच्या जागतिक वारसा यादीत स्थान मिळाले. त्यांत रायगड आहे, आणि पोलादपूरच्या शेजारचा प्रतापगडही आहे. गडाचे महत्त्व वादातीत आहे. प्रश्न आहे तो त्या महत्त्वाच्या प्रकाशात भोवतालचा प्रदेश अंधारात जाण्याचा.

पोलादपूरचे उदाहरण बोलके आहे. मुंबई-गोवा महामार्गावर कशेडी घाटाच्या अलीकडचा थांबा, आणि महाबळेश्वरकडे वळण्याचा फाटा, एवढीच या गावाची नोंद सहललेखांत होते. 'शिवभारत' हे संस्कृत महाकाव्य रचणारे कवींद्र परमानंद यांची समाधी याच गावात आहे. ज्या राजाची राजधानी पाहून प्रवासी भारावलेला असतो, त्या राजाच्या चरित्राचे समकालीन काव्यमय साधन ज्याने निर्माण केले, त्याच्या समाधीवरून तो चहा घेऊन पुढे जातो. तालुक्यातीलच उमरठ येथे तानाजी मालुसरे यांचे स्मारक आहे. तेथे थोडीबहुत वर्दळ असते. वीराच्या स्मारकाकडे वळणारी वाट कवीच्या समाधीकडे वळत नाही, ही बाब वाङ्मयाच्या अध्यापकांनी तरी लक्षात घेण्याजोगी आहे.

३. अल्पकाळ हा दोष नव्हे

यावर एक आक्षेप अपेक्षित आहे. दोन दिवसांसाठी आलेल्या माणसाकडून प्रदेशाच्या समग्र आकलनाची अपेक्षा का करावी? कामाच्या धबडग्यातून चार घटका मोकळा श्वास घेण्यासाठी तो आलेला असतो. त्याच्या आनंदावर इतिहासाचे ओझे लादणे अन्यायाचे नाही काय?

हा आक्षेप निम्मा खरा आहे. आनंद हा दोष नाही आणि अल्पकाळ हाही दोष नाही. याचा उत्तम पुरावा रायगडानेच दिला आहे. १६७४ च्या राज्याभिषेकप्रसंगी ईस्ट इंडिया कंपनीचा वकील म्हणून हेन्री ऑक्झिंडन रायगडावर आला होता. महाराज प्रतापगडी भवानीच्या दर्शनास गेल्यामुळे त्याला प्रथम पाचाडला थांबावे लागले. त्याचा संपूर्ण मुक्काम काही आठवड्यांचाच होता. तथापि त्याने केलेल्या नोंदी आजही अभ्यासकांना उपयोगी पडतात. प्रवेशद्वाराशी उभे असलेले दोन हत्ती पाहून, अशा अवघड वाटेने ते वर आणले कसे, असे आश्चर्य त्याने नोंदविले आहे. हे आश्चर्य सहलखोराच्या आश्चर्यापेक्षा वेगळे आहे. त्यात वाट, चढण, श्रम आणि व्यवस्था यांचे भान आहे. शिवाय आपण व्यापारी सवलतींचा तह करून घेण्यासाठी आलो आहोत, ही गोष्ट तो लपवीत नाही. वाचकाला त्याचे हितसंबंध ठाऊक असतात, त्यामुळे त्याच्या नोंदीतील काय घ्यावे आणि काय सोडावे हे ठरविता येते.

म्हणजे प्रवासलेखनाची कसोटी मुक्कामाच्या लांबीत नाही. पाहणारा कोण आहे, तो कोणाच्या परवानगीने आत आला आहे, आणि त्याच्या जागी दुसरा कोणी असता तर त्याला हेच दृश्य दिसले असते काय, या प्रश्नांची दखल लेखनात घेतली जाते की नाही, यात ती कसोटी आहे. प्रचलित सहललेखात पाहणाऱ्याला जणू शरीर नसते, जात नसते, खिसा नसतो. तो केवळ डोळा असतो. म्हणूनच तो जे पाहतो ते सर्वांसाठी तसेच आहे, असा समज निर्माण होतो.

४. गडाकडे पाहणारे लेखन

रायगडावरील मराठी लेखनाची परंपरा समृद्ध आहे. शां. वि. आवळसकर यांचे 'रायगडची जीवनकथा' हे पुस्तक गडाचा इतिहास साधनांच्या आधारे मांडते. गो. नी. दांडेकर यांनी 'दुर्गभ्रमणगाथा' आदी ग्रंथांतून दुर्गभ्रमंतीला वाङ्मयीन प्रतिष्ठा मिळवून दिली. दांडेकरांचे लेखन सहलीच्या साच्यात बसत नाही. ते वारंवार गडावर गेले, ऋतू बदलून गेले, आणि गडाच्या आसऱ्याने जगणारी माणसे त्यांच्या लेखनात आली. गडावरील टाकी, तळी व पाण्याच्या वाटा यांविषयीचे कुतूहल दुर्गलेखनात स्थिरावण्यास अशा लेखनाचा मोठा हातभार लागला. डोंगरमाथ्यावर राजधानी वसवायची तर प्रथम पाण्याची सोय पाहावी लागते. गंगासागर, कुशावर्त आणि कोळिंब ही गडावरील तळी म्हणजे राजधानीची पूर्वअट होय, हे भान दुर्गप्रेमी लेखकांना असते.

गडाच्या पायथ्याशीही पाण्याची एक खूण आहे. पाचाड येथे राजमाता जिजाबाईंचा वाडा व समाधी आहे. वाड्याच्या परिसरातील विहीर 'तक्क्याची विहीर' म्हणून ओळखली जाते. पाण्याला येणाऱ्या बायाबापड्यांशी जिजाबाई तेथे तक्क्याला टेकून बोलत, त्यांची सुखदुःखे विचारीत, अशी परंपरागत समजूत आहे. ही समजूत ऐतिहासिक कसोटीवर कितपत टिकते हा स्वतंत्र प्रश्न आहे. परंतु तिच्यातून व्यक्त होणारी लोकभावना महत्त्वाची आहे. राज्यकर्ता आणि रयत यांची भेट पाणवठ्यावर व्हावी, ही ती भावना होय.

या परंपरेची मर्यादा तिच्या नजरेच्या दिशेत आहे. ही नजर खालून वर जाते. पायथ्याची गावे, महाडची पेठ, दासगावचे जुने बंदर ही गडाकडे जाण्याची वाट म्हणून येतात. जी नजर गंगासागराच्या काठी रेंगाळते ती महाडच्या तळ्याकाठी रेंगाळत नाही. दोन्ही पाणवठ्यांमधील अंतर पंचवीस किलोमीटरच्या आसपास आहे. वाङ्मयात मात्र ते फार मोठे झाले आहे.

५. चवदार तळे आणि प्रवासवर्णनाचा दुसरा वंश

ज्याच्या नावातच चव आहे असे हे तळे. प्रवासवर्णनात नव्या गावचे पाणी चाखून पाहणे ही नेहमीची गोष्ट असते. या पाण्याची चव घेण्याचा अधिकार मात्र अस्पृश्य मानल्या गेलेल्या समाजाला नव्हता. सी. के. बोले यांच्या पुढाकाराने १९२३ मध्ये मुंबई विधिमंडळात सार्वजनिक पाणवठे सर्वांना खुले करण्याचा ठराव संमत झाला. महाड नगरपालिकेने १९२४ मध्ये त्याला अनुसरून ठराव केला. कागदावर तळे खुले झाले, व्यवहारात नाही. १९ व २० मार्च १९२७ रोजी महाडला परिषद भरली तेव्हा प्रतिनिधींसाठी चाळीस रुपयांचे पाणी विकत घ्यावे लागले, ही नोंद धनंजय कीर यांच्या आंबेडकरचरित्रात आहे. २० मार्चला डॉ. बाबासाहेब आंबेडकर यांच्या नेतृत्वाखाली हजारो लोक तळ्यावर गेले व पाणी प्याले. त्यानंतर ते वीरेश्वराच्या देवळात शिरणार आहेत अशी अफवा पसरवून प्रतिनिधींवर हल्ले झाले. पुढे तळ्याचे 'शुद्धीकरण' करण्यात आले.

डिसेंबर १९२७ मधील दुसऱ्या परिषदेसाठी आंबेडकर व त्यांचे सहकारी मुंबईहून 'पद्मावती' या बोटीने निघून सावित्रीच्या खाडीने दासगावला उतरले. परिषदेसाठी जागा मिळेना, तेव्हा फत्तेखान या मुसलमान गृहस्थांनी आपली जमीन दिली. २५ डिसेंबरला मनुस्मृतीचे दहन झाले. तळे ही खाजगी मालमत्ता आहे असा दावा सनातनी पक्षाने न्यायालयात केला होता. तो दावा अखेर १७ मार्च १९३७ रोजी मुंबई उच्च न्यायालयात फेटाळला गेला. समुद्रमार्गाने केलेला तो प्रवास, दासगावचा धक्का आणि तेथून महाडपर्यंतची पायपीट यांत प्रवासवर्णनाची सारी सामग्री आहे. तथापि मराठी प्रवासवर्णनाच्या इतिहासात या प्रवासाला स्थान नाही. तो चळवळीच्या इतिहासात गेला.

याच परिसरात वाढलेले व महाड परिषदेच्या संघटनेत पुढाकार घेतलेले कॉम्रेड रामचंद्र बाबाजी मोरे यांच्या आत्मकथनाचेही असेच झाले. दासगाव व महाड यांच्या दरम्यानची वाट त्यांच्या बालपणात शाळेची वाट होती. महाडच्या इंग्रजी शाळेत प्रवेश मिळविण्यासाठी त्यांना लढावे लागले. दासगावचे बंदर आणि महाडची पेठ यांचे जे दर्शन अशा लेखनातून घडते, ते कोणत्याही सहललेखापेक्षा अधिक भरीव आहे. कारण तेथे प्रत्येक ओसरी आणि प्रत्येक पाणवठा 'येथे मला उभे राहता येईल काय?' या प्रश्नासह येतो.

या दुसऱ्या वंशातील सर्वांत महत्त्वाचा ग्रंथ आंबेडकरांचाच आहे. 'वेटिंग फॉर अ व्हिसा' हे त्यांचे छोटेखानी इंग्रजी आत्मपर लेखन आत्मकथन म्हणून वाचले जाते. ते प्रवासवर्णन म्हणून वाचले तर काय दिसते? त्यातील पहिलाच प्रसंग सुट्टीतील सहलीचा आहे. १९०१ च्या उन्हाळ्यात साताऱ्याहून भावंडे गोरेगावला नोकरीवर असलेल्या वडिलांकडे सुट्टी घालविण्यास निघतात. नवे कपडे, आगगाडीचा पहिला प्रवास, मुलांचा उत्साह हे सारे सुट्टीच्या लेखनाला शोभणारे आहे. मग स्टेशनवर जात कळते, गाडीवान मिळेनासा होतो, आणि सोबत शिदोरी असूनही पाण्यावाचून मुले उपाशी राहतात. दुसरा प्रसंग १९३४ मधील. आंबेडकर व त्यांचे सुमारे तीस सहकारी वेरूळची लेणी पाहण्यास निघाले असता वाटेत दौलताबादचा किल्ला पाहण्यास थांबतात. प्रवासाची धूळ धुण्यासाठी ते किल्ल्याच्या दाराजवळच्या हौदावर हातपाय धुतात, आणि हौद बाटविल्याबद्दल त्यांच्यावर आरडाओरड होते. शेवटी आत कोठेही पाण्याला शिवणार नाही या अटीवर, शस्त्रधारी शिपायाच्या सोबतीने, त्यांना किल्ला पाहता येतो.

येथे एक किल्ला आहे, सहल आहे, मित्रमंडळी आहेत, अल्पकाळही आहे. एका दिवसातील काही तासांचीच ही हकीकत आहे. तरी तिच्यात दौलताबादचे जे दर्शन घडते ते किल्ल्याच्या तटबंदीच्या वर्णनातून घडले नसते. पाहणाऱ्याला शरीर आहे, त्याला तहान लागते, त्याचे हात धुळीने माखतात, आणि त्या हातांना जात चिकटलेली आहे. त्यामुळे किल्ल्याच्या दाराशी असलेला हौद हा देखावा राहत नाही. सहललेखाने जे गृहीत धरलेले असते, म्हणजे पाहण्याचा निर्वेध अधिकार, तेच येथे तपासले जाते. मराठी प्रवासवर्णनाच्या समीक्षेने या लेखनाला आपल्या कक्षेत घेणे त्यामुळे आवश्यक ठरते.

६. देखाव्याचा डोंगर आणि कोसळणारा डोंगर

पाण्याचा आणखी एक अवतार या परिसरात आहे. पावसाळी सहलीच्या लेखनात महाड-पोलादपूरचे डोंगर हिरवेगार असतात, कड्यांवरून धबधबे पडत असतात, घाटांत ढग उतरलेले असतात. हे वर्णन खोटे नाही. परंतु जुलै २००५ मध्ये याच पावसाने महाड तालुक्यात दासगाव, जुई, रोहन, कोंडीवते येथे दरडी कोसळून मोठी मनुष्यहानी झाली. २ ऑगस्ट २०१६ च्या रात्री महाडजवळचा सावित्री नदीवरील जुना दगडी पूल पुरात वाहून गेला आणि त्याबरोबर राज्य परिवहनच्या दोन बसगाड्या गेल्या. २२ जुलै २०२१ रोजी तळिये येथे डोंगराचा भाग वस्तीवर आला व ऐंशीहून अधिक माणसे मृत्युमुखी पडली. त्याच सुमारास पोलादपूर तालुक्यातही दरडी कोसळल्या आणि महाड शहर पुरात बुडाले. २८ जुलै २०१८ रोजी महाबळेश्वरच्या सहलीस निघालेल्या कर्मचाऱ्यांची बस आंबेनळी घाटातील दरीत कोसळून तीस जणांचा अंत झाला. त्या दुर्घटनेत सहल आणि घाट यांच्यामधील अंतरच नाहीसे झाले.

या घटना वृत्तपत्रांच्या पहिल्या पानावर आल्या, सहललेख पुरवणीत आले. एकाच डोंगराचे हे दोन भाग एकमेकांना भेटत नाहीत. सँटोरिनीबाबतही असेच घडते. २०२५ च्या आरंभी भूकंपाच्या धक्क्यांमुळे हजारो लोकांनी ते बेट सोडले, तेव्हा त्या कड्याचा पूर्वेतिहास जगाला काही दिवस आठवला. सौंदर्य आणि संकट ही एकाच भूरचनेची दोन रूपे असतात. सह्याद्रीचा तुटलेला कडा, त्यावरील मातीचा थर, खाली वसलेली वाडी आणि कोकणातील मुसळधार पाऊस हीच धबधब्याची कारणे आहेत आणि हीच दरडीचीही. लेखकाने सहलीत शोककथा घुसडावी असे येथे सुचवायचे नाही. धबधब्याखालच्या वाडीला नाव असते, तिच्यात माणसे राहतात, आणि त्याच वाडीतील बायांना एप्रिल-मे महिन्यांत हंड्यासाठी चढउतार करावी लागते किंवा टँकरची वाट पाहावी लागते, एवढे जरी वर्णनात आले तरी दृश्याचा पोत बदलतो.

७. सुट्टीचा दुसरा अर्थ

या परिसराच्या संदर्भात 'सुट्टी' या शब्दाचाही पुनर्विचार करावा लागतो. महाड-पोलादपूरच्या डोंगरवाड्यांतील पुरुष पिढ्यान्‌पिढ्या पोटासाठी मुंबईला जात आले आहेत. त्यांच्या लेखी अल्पमुदतीची सुट्टी म्हणजे गावाला जाणे. गणपतीत चार दिवस, शिमग्यात पालखीसाठी दोन दिवस, मे महिन्यात लग्नसराईत आठवडा. ही सुट्टी विश्रांतीची नसते. घराचे कौल फिरवायचे असते, भावकीचा हिशेब मिटवायचा असतो, म्हाताऱ्यांना दवाखान्यात न्यायचे असते. एस.टी.ची गर्दी, महामार्गावरील खोळंबा, फाट्यावर उतरून वाडीपर्यंतची चढण हा सारा प्रवासच आहे. त्याच महामार्गावर त्याच दिवशी एक कुटुंब रायगड पाहायला आणि दुसरे घर उघडायला जात असते. पहिल्याचा अनुभव 'प्रवासवर्णन' ठरतो, दुसऱ्याचा ठरत नाही.

हा भेद वाङ्मयप्रकाराच्या व्याख्येतच दडलेला आहे. परक्या स्थळाचे कुतूहल ही प्रवासवर्णनाची अट मानली गेल्यामुळे आपल्याच गावी पाहुण्यासारखे दोन दिवस राहून परतणाऱ्या माणसाचे लेखन या प्रकाराच्या बाहेर पडले. वस्तुतः चाकरमान्याची नजर दुहेरी असते. तो गावचा असतो आणि नसतोही. डोंगर त्याला सुंदर दिसतो, आणि त्याच डोंगराने आपल्याला मुंबईला धाडले हेही तो जाणतो. अशा दुहेरी नजरेतून या परिसराचे जे वर्णन होईल ते सहललेख आणि वृत्तपत्रीय बातमी या दोहोंमधील दरी बुजवू शकेल.

समारोप

महाड-पोलादपूर या लहानशा प्रदेशाची मराठी वाङ्मयात विभागणी झालेली आहे. गड दुर्गलेखनाकडे गेला, तळे चळवळीच्या इतिहासाकडे, दरड वृत्तपत्राकडे, घरवापसी लोकगीताकडे आणि घाटातील ढग सहललेखाकडे. प्रत्येक विभागाने आपापले काम चोख केले असेल; परंतु प्रदेश मात्र कोठेच सलग उरला नाही. अल्पमुदतीच्या सहलीला या सर्व विभागांतून एका दिवसात जाता येते, ही तिची जमेची बाजू आहे. सकाळी गंगासागराच्या काठी उभा असलेला माणूस दुपारी तक्क्याच्या विहिरीशी आणि संध्याकाळी चवदार तळ्याशी उभा राहू शकतो. दीर्घ अभ्यासाने जी सांगड सहजी घातली जात नाही, ती पायांनी घातली जाते. अट एवढीच की तिन्ही ठिकाणी एकच प्रश्न विचारला जावा : हे पाणी कोणाचे होते, कोण पीत होते, आणि कोणाला ते मिळत नव्हते?

महाविद्यालयांच्या शैक्षणिक सहलींच्या दृष्टीने या विवेचनाला व्यावहारिक अर्थ आहे. या परिसरात दरवर्षी महाविद्यालयीन सहली येतात, विद्यार्थी अहवाल लिहितात, त्यांतील निवडक लेख नियतकालिकांत छापले जातात. त्या अहवालांत आपण पाहिलेल्या स्थळांबरोबर न पाहिलेल्या स्थळांचीही नोंद करावी, ती का वगळली गेली याचे कारण लिहावे, आणि वाटेत कोणाच्या हातचे पाणी प्यालो हेही लिहावे, एवढी शिस्त लावली तरी या लेखनाचे स्वरूप पालटेल. दौलताबादच्या हौदाशी घडलेला प्रसंग ज्या वर्गात सहलीपूर्वी वाचला जाईल, त्या वर्गातील विद्यार्थी रायगडाच्या पायऱ्या चढताना गडाकडे कमी आदराने पाहणार नाहीत. आपण तेथे विनाअडथळा चढत आहोत, ही गोष्ट आपोआप घडलेली नाही, एवढे त्यांना कळलेले असेल.